तीन लाखांची वजाबाकी

परदेशातल्या रुग्णालयाचं नेमणुकीचं पत्र आलं की घरात सर्वांत आधी गुणाकार होतो. पौंडाला रुपयांनी गुणायचं आणि पेढे आणायचे. आमच्या घरीही तेच झालं.

जुलै २०२५ मधली गोष्ट. मिरजेहून ताईचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. ‘‘अरे, पोरीला विलायतेहून पत्र आलंय. एक नाही, दोन! महिना तीन लाख म्हणतात. आणि लंडनवाले तर साडेतीन!’’

माझी भाची नर्स आहे. वय एकोणतीस, बी.एस्सी. नर्सिंग झालेली, सहा वर्षांचा अतिदक्षता विभागाचा अनुभव. मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात तिला महिना चोवीस हजार मिळत होते. नवरा एका औषध कंपनीचा प्रतिनिधी, त्याचे चाळीस हजार. मुलगी चार वर्षांची. घरावर बँकेचं कर्ज. अशा घरात तीन लाखांचा आकडा आला म्हणजे काय होतं ते वाचकांना सांगायला नको. मी शनिवारी पोचलो तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या जागेवर जावयाने सगळे गुणाकार करून ठेवलेले होते. कर्ज किती वर्षांत फिटेल, गाडी कधी घेता येईल, सगळं.

मी आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. सवय जात नाही. म्हटलं, ‘‘गुणाकार बरोबर आहे. पण चुकीच्या आकड्याचा केलाय.’’

ताई रागावली. ‘‘तुझं नेहमीचंच. चांगलं काही झालं की पेन्सिल काढतोस.’’

पेन्सिल काढली खरी. पुढचे दोन दिवस मी, भाची आणि जावई जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो. तो हिशेब इथे मांडतो आहे, कारण आज महाराष्ट्रातल्या शेकडो घरांत असाच गुणाकार चालू असेल. आकडे त्या घराचे आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत मात्र हीच.

पत्रातला पगार आणि हातातला पगार

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एन.एच.एस.मध्ये, नर्सचा पगार ठरलेल्या श्रेणीत असतो. नोंदणी झालेली नवी नर्स पाचव्या श्रेणीत, म्हणजे बँड फाइव्हमध्ये येते. २०२५-२६ च्या दरपत्रकात या श्रेणीची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंडांनी होत होती. महिन्याला २,५८७ पौंड. एक पौंड म्हणजे एकशेपंधरा रुपये धरले, तर दोन लाख सत्त्याण्णव हजार. ताईचे ‘तीन लाख’ ते हेच.

आता कात्री लागते ती कुठे? आधी निवृत्तिवेतनाचा हप्ता. या पगाराला तो ८.३ टक्के, म्हणजे महिना २१५ पौंड. मग प्राप्तिकर : वर्षाचे पहिले १२,५७० पौंड करमुक्त, त्यापुढे वीस टक्के. निवृत्तिवेतनाचा हप्ता आधी वजा होतो म्हणून थोडी सवलत मिळते, तरी महिना २६५ जातात. शिवाय नॅशनल इन्शुरन्स नावाची आठ टक्क्यांची कपात, तेही सव्वाशेच्या जवळ. हातात पडतात साधारण १,९८४ पौंड. अजून भाडं दिलेलं नाही, पोटात भाकरी गेलेली नाही, आणि सहाशे पौंड वाटेतच गेले.

‘‘पण रात्रपाळीचे जास्त मिळतात ना?’’ भाचीने विचारलं. मिळतात. या श्रेणीत रात्री आणि शनिवारी तासाला तीस टक्के, रविवारी आणि सुटीच्या दिवशी साठ टक्के अधिक. पण ते मिळतील तेव्हा मोजायचे. घरखर्चाचा हिशेब जादा ड्यूटीवर बांधणारी माणसं मी बँकेच्या काउंटरवर खूप पाहिली आहेत.

दुसरी एक गोष्ट पत्रात बारीक अक्षरात असते. तिथे उतरल्या दिवसापासून बँड फाइव्ह मिळत नाही. आधी ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, मग तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. तोवर बहुतेक ठिकाणी तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीचा पगार. या परीक्षेचं शुल्कच ७९४ पौंड. सहसा ते रुग्णालय भरतं, पण ‘सहसा’ या शब्दावर विमानात बसू नये. पत्रात लिहून घ्यावं.

लंडन की उत्तर?

भाचीची दोन पत्रं होती. एक लंडनच्या मध्यभागातल्या रुग्णालयाचं, दुसरं इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातल्या एका मध्यम शहरातल्या रुग्णालयाचं. जावयाचा कौल अर्थातच लंडनला. राजाचा राजवाडा, थेम्स नदी, शिवाय महाराष्ट्र मंडळ, गणपती. आणि पगारही वीस टक्के जास्त. मध्य लंडनमध्ये महागाईचा म्हणून तेवढा भत्ता मिळतो. वर्षाला ३७,२५९ पौंड. रुपयांत महिना तीन लाख सत्तावन्न हजार!

इथे मी जरा थांबायला सांगितलं. पगार वाढला की निवृत्तिवेतनाच्या हप्त्याचा टप्पाही वरचा लागतो, ८.३ ऐवजी ९.८ टक्के. कर वाढतो. सगळं कापून लंडनमध्ये हातात येतात सुमारे २,२८५ पौंड. म्हणजे पत्रातला फरक महिना पाचशेवर, हातातला फरक तीनशे.

या तीनशे पौंडांत लंडनचं भाडं बसतं का? बसत नाही. लंडनमध्ये अख्ख्या घराचं सरासरी भाडं २०२५ मध्ये महिना सव्वादोन हजार पौंडांच्या आसपास होतं. नर्सचा सगळा पगार! ईशान्य इंग्लंडमध्ये तेच साडेसातशेच्या आत-बाहेर. एकटी मुलगी घर घेत नाही, चौघींबरोबर घर वाटून एक खोली घेते. तरी उत्तरेत वीज-पाण्यासकट पाचशेत जी खोली मिळते, तिला लंडनमध्ये साडेनऊशे मोजावे लागतील असं आम्ही धरलं. शिवाय रेल्वेचा पास. लंडनच्या आतल्या दोन विभागांचा महिन्याचा पास २०२५ मध्ये १७० पौंडांच्या पुढे होता. उत्तरेतल्या छोट्या शहरात बसवर सत्तर पौंडांत भागतं, आणि खोली रुग्णालयाजवळ असली तर चालतही जाता येतं.

कागदावर दोन रकाने केले. उत्तर : १,९८४ मधून खोली ५००, जेवण १८०, बस ७०, फोन १२, कपडे-किरकोळ ८०. उरले सुमारे १,१४०. लंडन : २,२८५ मधून खोली ९५०, जेवण २००, पास १७२, फोन १२, किरकोळ ८०. उरले ८७०.

मग मी जावयाला म्हटलं, ‘‘आता करा गुणाकार.’’ उत्तरेचे एक लाख एकतीस हजार, लंडनचे एक लाख. ज्या पत्रात साठ हजार जास्त दिसत होते, त्यात महिन्याला एकतीस हजार कमी उरत होते. जावई बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने कॅलेंडर उलटं करून पुन्हा भिंतीला लावलं.

पौंडाला रुपयाने गुणायचं ते इथे, उरलेल्या रकमेला. कारण तिथे मिळवलेला पौंड तिथेच खर्च होतो तेव्हा त्याची किंमत पौंडाइतकीच असते. तिथला केस कापणारा तुमच्याकडून मिरजेचा दर घेत नाही.

एकटी की सगळी?

एवढ्यावर हिशेब संपला असता तर सोपं होतं. पण ताईने मधेच विचारलं, ‘‘आणि पोरगी? ती कुणापाशी राहणार?’’ टेबलावर एकदम शांतता झाली.

सगळ्या कुटुंबाने जायचं तर खोली चालत नाही, घर लागतं. उत्तरेत भाडं ७५०. त्यावर कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टी; पण ती घरमालक नव्हे, राहणारा भाडेकरू भरतो, हे आपल्याकडच्यांना ठाऊक नसतं. छोट्या घराला १३० धरा. गॅस आणि वीज १४६. तिथे हिवाळ्यात घर गरम ठेवावं लागतं. ती चैन नव्हे. पाणी ५०. तिघांचं जेवण ४२०. प्रवास ११०, फोन-इंटरनेट-टीव्हीचा परवाना ६०. होय, टीव्ही बघायला तिथे वर्षाचा परवाना लागतो, २०२५ मध्ये १७४ पौंड ५० पेन्स. मुलीचे कपडे, बूट, कोट १००. बेरीज १,७६६. हातात आलेल्या १,९८४ मधून उरतात २१८ पौंड. पंचवीस हजार रुपये.

आणि इकडे जावयाची चाळीस हजारांची नोकरी सुटलेली! तीन लाखांच्या पगाराचं घर मिरजेतल्या चौसष्ट हजारांच्या घरापेक्षा श्रीमंत झालं, असं म्हणायची माझी जीभ रेटेना.

जावयाला तिथे नोकरी करता येते. नर्सच्या व्हिसावर जोडीदाराला कामाची मुभा आहे. केअर वर्कर म्हणून जाणाऱ्यांना मात्र मार्च २०२४ पासून कुटुंब नेता येत नाही, आणि जुलै २०२५ पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली. एजंट ‘हेल्थकेअर’ एवढंच म्हणतो, त्यातला हा फरक विचारून घ्यावा. तर जावयाचं काम. त्याचा औषध कंपनीतला अनुभव तिथे कितपत चालेल, कोण जाणे. सुरुवातीला गोदामात किंवा दुकानात किमान वेतनावर उभं राहायचं, अशी तयारी हवी. २०२५-२६ मध्ये ते तासाला १२ पौंड २१ पेन्स होतं. पूर्णवेळ केलं तर कापून सोळा-सतराशे पौंड हातात. म्हणजे घर उभं राहतं ते दोघांच्या पगारावर, एकट्या नर्सच्या नव्हे.

इथे मुलीचं वय निर्णायक ठरलं. इंग्लंडमध्ये चार पूर्ण झाल्यावरच्या सप्टेंबरात मूल शाळेत जातं आणि सरकारी शाळा परदेशी कुटुंबाच्या मुलालाही फुकट असते. पहिली तीन वर्षं दुपारचं जेवणही फुकट. पण मूल दोन वर्षांचं असेल तर? या व्हिसावर सरकारी अनुदानांचा हक्क नसतो. मुलांचा भत्ता मिळत नाही, नोकरदार आईवडिलांना पाळणाघराचे जे मोफत तास मिळतात तेही नाहीत. पूर्णवेळ पाळणाघर महिना हजार पौंडांच्या पुढे सहज जातं. तान्हं मूल घेऊन जाणाऱ्या जोडप्याचा दुसरा पगार तिथे पाळणाघरासाठीच असतो. हा एक खर्च असा आहे की ज्याने सगळा हिशेब उलटा होतो, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही.

नागपूरही तपासलं

भाचीची एक मैत्रीण नागपूरच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर आहे. तिचा आकडाही आम्ही त्याच कागदावर मांडला, कारण परगावी जायचंच तर परदेशच कशाला? केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात या पदाचा मूळ पगार ४४,९०० रुपये. महागाईभत्ता (२०२५ च्या उत्तरार्धात ५८ टक्के), नागपूरचा वीस टक्के घरभाडेभत्ता, नऊ हजारांचा नर्सिंग भत्ता धरून बेरीज नव्वद हजारांच्या जवळ. हातात ऐंशी हजारांच्या आसपास. नागपुरात तिघांचं घर तीस-पस्तीस हजारांत नीट चालतं. जावयाची बदलीही नागपूरला होऊ शकत होती. म्हणजे दोघांचे मिळून पंच्याऐंशी-नव्वद हजार शिल्लक, आजी एका रात्रीच्या गाडीवर.

मग लोक नागपूर सोडून न्यूकॅसल का बघतात? कारण ती जागा मिळत नाही. परीक्षेला देशभरातून झुंबड, वयाची अट साधारण तिशीची. भाचीने दोनदा दिली, थोडक्यात हुकली. खासगीत काय मिळतं ते चोवीस हजारांवरून दिसलंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान वीस हजार द्यावेत, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्यावा, असं सुचवलं होतं. तेवढं जरी सगळीकडे झालं असतं तरी निम्मे पासपोर्ट निघाले नसते, असं माझं मत.

आखाताचाही विचार झाला. तिथे पगारावर प्राप्तिकर नाही आणि राहायची जागा अनेकदा रुग्णालय देतं, त्यामुळे एकट्या मुलीची शिल्लक मोठी. पण पत्रात मूळ पगार किती आणि भत्ते किती ते बघावं. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर असते. सौदीत खासगी नोकरीवाल्याने कुटुंब नेलं तर माणशी महिना ४०० रियाल शुल्क पडतं. शिवाय आखातातल्या बहुतेक देशांत नर्सची भरती २०१५ पासून केवळ सरकारने मान्यता दिलेल्या संस्थांमार्फतच होते. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या एजंटामार्फत नव्हे.

जर्मनीचं नाव हल्ली आपल्याकडे फार ऐकू येतं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला तेव्हापासून गावोगावी जर्मन शिकणं सुरू झालं. तिथे कपात इंग्लंडपेक्षा जबर असते. एकट्या माणसाचा सुमारे एक तृतीयांश पगार कर आणि विम्यात जातो. घराच्या जाहिरातीत ‘थंड’ भाडं आणि ‘गरम’ भाडं अशी दोन भाडी असतात. थंड म्हणजे नुसत्या भिंती. आपल्या पोरी थंड आकडा वाचून खूश होतात. पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीसाचा पगार, हे तिथेही आहेच.

ज्याचं पत्र येत नाही तो खर्च

रविवारी दुपारी शेवटचा कागद केला. त्यावर महिन्याचे नव्हे, एकदाच येणारे खर्च होते. पहिला पगार महिना संपल्यावर. त्याआधी खोलीचं डिपॉझिट (कायद्याने जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं भाडं) आणि पहिल्या महिन्याचं भाडं. थंडीचा कोट. म्हणजे हजार-बाराशे पौंड खिशात घेऊन उतरायचं. जावई आणि मुलीच्या व्हिसाचे २०२५ च्या दराने प्रत्येकी ३०४ पौंड, अधिक विमान. नर्सच्या व्हिसावर आरोग्य अधिभार माफ असतो, ही त्यातल्या त्यात मोठी सुटका. एरवी प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड.

कायमचं राहायचं झालं तर त्या परवान्याचं शुल्क २०२५ मध्ये माणशी ३,०२९ पौंड होतं. तिघांचे दहा लाख रुपये! तोवर किती वर्षं काढायची? पूर्वी पाच. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ती मुदत सर्वसाधारणपणे दहा करण्याचा प्रस्ताव मांडला. जाणाऱ्याने पाच वर्षांच्या आशेवर घर विकू नये.

निवृत्तिवेतनाचाही एक मुद्दा भाचीने स्वतः शोधून काढला. दोन वर्षांच्या आत ती योजना सोडली तर भरलेला हप्ता कर कापून परत मिळतो. त्यानंतर तो म्हातारपणापर्यंत अडकतो. कित्येक मुली महिना दोनशे वाचवायला पहिल्याच दिवशी योजनेतून बाहेर पडतात. पण रुग्णालय स्वतः त्यात नर्सच्या दुपटीहून जास्त भर घालतं, ती भर मग सुटते. मी तिला राहा म्हटलं, जावई नको म्हणाला. ती राहिली.

आणि करारातलं एक कलम मी तिला तीनदा वाचायला लावलं. ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर भरतीचा खर्च परत करावा लागेल. किती, आणि दरवर्षी कमी होत जातो का? पत्रात नव्हतं. तिने इमेलने विचारलं, आठवड्याने उत्तर आलं, मगच सही केली.

सगळ्यात शेवटी ताईने पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि कागदाच्या तळाशी लिहिलं : ‘माझे गुडघे’. आम्ही हसलो. पण ती खरंच म्हणत होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितलेली, मेव्हणे थकलेले, घरात कामाला बाई ठेवायची तर महिना बारा हजार, आणि अचानक यावं लागलं तर तिकीट. ते आकडे आम्ही शिल्लकीतून वजा केले. एक लाख एकतीस हजारांचे एक लाखाच्या थोडं वर राहिले.

भाची ऑक्टोबरात गेली. लंडनला नाही, उत्तरेला. सुरुवातीचे तीन महिने चौथ्या श्रेणीचा पगार, पहिल्या महिन्यात चुकीच्या कोडमुळे कर जास्त कापला गेला तो नंतर परत आला. ओएससीई दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाली. खोली ४८० पौंडांची, रुग्णालयापासून वीस मिनिटं चालत. पावसात बस. घरी महिन्याला लाखाच्या आत-बाहेर पाठवते, रात्रपाळ्या जास्त आल्या तर थोडे अधिक.

जावई आणि मुलगी शाळेचं वर्ष सुरू होण्याच्या बेताने जाणार आहेत. जावयाने फोर्कलिफ्ट चालवायचा परवाना काढायचं ठरवलंय. कुणीतरी सांगितलं, त्याला तासाला थोडं जास्त मिळतं. ताईचा एक गुडघा झाला, दुसरा दिवाळीनंतर. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला फोनवर येते. ताई चष्मा लावून ती मोठी करून बघते, आणि वरचा आकडा सोडून थेट खालच्या ओळीवर बोट ठेवते.